तीन काळे काटे

"काटे हिरवे का केलेस, चारू?" थॉर्नवेलनी पलंगावरून विचारलं. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर नव्याने रंगवलेली, घराण्याचं चिन्ह असलेली लाकडी ढाल.

चारुदत्त बोरीकर खुशीत हसले. "आजारी माणसाच्या उशाशी काळं कशाला? बरं दिसत नाही ते." नीलांबरीने, त्यांच्या लेकीने, त्याचं इंग्लिश करून सांगितलं.

चाळीस वर्षं पुण्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला हा माणूस. बायको गेल्यावर लेकीकडे न्यूझीलंडला, अप्पर हटला आला आणि हातावर हात ठेवून बसला. हात थरथरायचा, पण ते त्यांनी लेकीलाही कळू दिलं नव्हतं. शेजारच्या थॉर्नवेलनी ढाल रंगवायला दिली, तेव्हा ते पुन्हा माणसात आले.

थॉर्नवेल म्हणजे इंग्लंडातली काटेरी झुडपांतली एक विहीर. तिच्याकाठच्या वस्तीवरून आडनाव पडलं आणि पुढे ढालीवर तेच आलं: पिवळ्या जमिनीवर लाल विहीर, खाली तीन काळे काटे. "म्हणजे आमच्या बोरी गावावरून बोरीकर, तसंच की," चारुदत्त म्हणाले होते. थॉर्नवेलचा मुलगा समुद्रात बुडून गेला होता. हे आडनाव लावणारे आता ते एकटेच. चारुदत्तांनाही एकच लेक, तीही सासरचं नाव लावणारी.

"सुंदर झालीये," थॉर्नवेल दम घेत म्हणाले. "पण रंग बदलला की घराणं बदलतं, चारू. ही आता दुसऱ्याच कुणाची तरी झाली. माझ्या शवपेटीवर ठेवायला हवी होती मला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चारुदत्तांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या काळे करून देतो," ते म्हणाले.

सकाळी अ‍ॅम्ब्युलन्स आली, ती थॉर्नवेलना घेऊनच गेली. ते परत आले नाहीत. घराला कुलूप लागलं, ढाल आत.

गुरुवारी दहनभूमीच्या चॅपेलमध्ये जेमतेम नऊ माणसं होती. पेटीवर थॉर्नवेलच्या भाचीने घर उघडून आणलेली ढाल, ढालीवर हिरवे काटे. चारुदत्त उठले आणि त्यांनी कोटाच्या खिशातून छोटा डबा आणि ब्रश काढला.

"बाबा, प्लीज, इथे नको," नीलांबरी कुजबुजली.

"त्यांच्या भाचीला विचार. पाच मिनिटं दे म्हणावं."

भाचीने त्यांच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

पहिला काटा नीट उतरला. दुसऱ्याला हात हलला. तिसऱ्याला तर ब्रश धरवेना. लेकीच्या ते आज पहिल्यांदाच लक्षात आलं. ती उठून आली आणि तिने बाबांचं मनगट खालून धरलं. काटा थोडा वाकडा आला, पण काळा आला.

तो रंग वाळायला सहा तास लागतात. पेटीमागचा पडदा सरकला आणि ढालीसकट पेटी दहनासाठी आत गेली, तेव्हा तो ओलाच होता.