मामाचा रुमाल

सख्ख्या मामाच्या हाताखाली नोकरी लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिला नशीबवान ठरवलं. मामा म्हणजे तिच्या आईचा थोरला भाऊ, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेचा प्रमुख आणि यच्चयावत भाचरांचा लाडका. तिला सायकल त्यानेच शिकवली होती आणि रसायनशास्त्राची गोडीही त्यानेच लावली होती.

कारखान्यात बॉयलरमधले आणि नळांच्या तोट्यांवरचे क्षार काढायची पावडर बनायची. त्यात मुख्य माल सल्फॅमिक ॲसिड. दिसायला थेट पिठीसाखर, वास नाही, धूर नाही. पण ओलसर कातडीला, नाकाच्या आत किंवा डोळ्याला लागली की चावते. पिंपावर तसं ठळक छापलेलं असायचं: धूळ उडू देऊ नका, चष्मा आणि हातमोजे वापरा, डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुवा. प्रयोगशाळेतलं पिंप मामाने छापील बाजू भिंतीकडे करून ठेवलं होतं. समोरच्या बाजूला कॅलेंडर चिकटवायला जागा छान होते, म्हणून.

घरी तो तिचा मामा होता, ‘अरे-तुरे’तला. कामावर त्याला सर म्हणायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. पण पहिला आठवडा संपायच्या आत तिला त्या सरांची इतकी किळस यायला लागली की तिची तिलाच लाज वाटू लागली.

त्याचा कोट कधीकाळी पांढरा होता. आता तो कळकट पिवळा झाला होता आणि बाह्यांच्या कडा पुठ्ठ्यासारख्या ताठ झाल्या होत्या. खिशात एक चौकडीचा रुमाल. त्या रुमालाने तो नाक शिंकरायचा, त्यानेच मानेचा घाम टिपायचा, चष्मा पुसायचा आणि तराजूचं पारडंही त्यानेच पुसायचा. दमट हवेत पावडरीचे खडे बनले की मामा ते खलात घालून कुटायला बसे, डोक्यावर पंखा पूर्ण वेगात. पांढरा धुरळा उठायचा. मामाला सटासट शिंका यायच्या आणि निम्म्या शिंका खलातच पडायच्या. मग तोच नमुना वजनाला. पारड्यावर जास्त पडलेली पावडर तो चमच्याने काढत नसे, तोंडाने फुंकर मारून उडवायचा. तराजूच्या काचेच्या पेटीत, कोपऱ्याकोपऱ्यात, थुंकीचे शिंतोडे आणि पावडर मिळून खरजेसारखा खवलेदार थर चढला होता. ती पेटी पहिल्यांदा उघडली आणि तिने लगेच तशीच परत लावून टाकली.

चहा आला की मामा नमुने ढवळायची काचेची कांडी नळाखाली धरल्यासारखी करायचा आणि तिनेच साखर ढवळायचा.

“सर, चमचा आणून ठेवलाय,” ती म्हणाली.

“काच म्हणजे काच. तिला काही चिकटत नाही,” मामा म्हणाला आणि कांडी चाटून परत स्टँडला लावली.

प्रयोगशाळेतले बाकीचे दोघं केमिस्ट हसले. ते त्याच्याच हाताखाली तयार झाले होते. त्यांनाही हातमोज्यांची अॅलर्जी.

एकदा मामा दुपारच्या जेवणापर्यंत बाहेर गेला होता. ती संधी साधून तिने तराजू साफ केला. कोरडं झाडलं तर सगळं उडून नाकात जाईल, म्हणून ओल्या फडक्याने थोडं थोडं भिजवत, टिपत. फडकं पिवळं, चिकट झालं. एका कोपऱ्यातून एक केस निघाला, आखूड आणि पिकलेला. हातात मोजे असूनही तिने नंतर कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले.

मामा आला, चकचकीत तराजू पाहिला आणि दोघांकडे बघून डोळे मिचकावले. “आमची सोवळी आली बरं का. आता आपल्याला शिवाशिव.”

तेव्हापासून तिचं नाव ‘सोवळी’ पडलं.

“सर, खडे खलात कुटण्यापेक्षा जाड पिशवीत घालून, तोंड बांधून फोडले तर? किंवा धूर ओढणाऱ्या कपाटात तरी नेऊया. धुरळा सगळ्यांच्या नाकात जातो.”

“अगं, या पावडरीत माझे केस पिकले. काय झालं मला? दोन शिंका येतात. नाक मोकळं होतं उलट.”

त्याच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, लालभडक, कडांना पांढऱ्या. तो सांगायचा, साबणाने होतं. त्याच बोटांनी तो तिच्या डब्यात हात घालायचा, सफरचंदाची एक फोड उचलायचा आणि म्हणायचा, “बघू, बहिणीने काय दिलंय.” पहिल्यांदा तिने उरलेल्या फोडी तशाच ठेवल्या. नंतर नंतर ती सगळा डबाच त्याच्यापुढे सरकवायला लागली, पोट भरलंय म्हणून. मामाला वाटायचं, भाची किती मायाळू.

आईला सांगायचा प्रयत्न केला. आई पटकन म्हणाली, “तो पहिल्यापासून गबाळाच. पण मन बघ त्याचं.” मन कसं होतं हे तिलाही माहीत होतं. पण मन काही तिच्या डब्यात येत नव्हतं.

त्या शनिवारी कारखाना अर्धा दिवस होता आणि मामाच्या घरी सगळे जेवायला जमणार होते. मामेबहीण, जिला ती ताई म्हणायची, आपल्या लेकीला घेऊन आली होती. तीन वर्षांची छकुली, गाल गोबरे, सर्दीने नाक गळतंय. मामा आणि ती कामावरून एकत्रच घरी पोचले. ती आधी मोरीत जाऊन हातपाय धुवायला लागली. मामा बूट काढून थेट सोफ्यावर बसला आणि छकुलीला मांडीवर घेतलं.

“अरे अरे, केवढा हा शेंबूड. या बाईला रुमाल नाही का दिला आईने?”

तिने मोरीतून ते ऐकलं. रुमाल हा शब्द ऐकला आणि नळ तसाच वाहता ठेवून ती धावली, पण तोवर उशीर झाला होता. मामाने पँटच्या खिशातून तोच चौकडीचा रुमाल काढून छकुलीचं नाक पुसलं होतं. मग गाल पुसले, मग लाडात येऊन डोळ्यांतलं पाणीही टिपलं.

छकुलीने डोळे घट्ट मिटले. मग जी किंचाळली, ती थांबेचना. दोन्ही मुठींनी डोळे चोळायला लागली.

“लाडावून ठेवलंय तुम्ही,” मामा हसत म्हणाला. “नाक पुसलं तर एवढं?”

“चोळू देऊ नका तिला.” तिने छकुलीला मामाच्या मांडीवरून अक्षरशः ओढून घेतलं. “ताई, हात धर तिचे. मामी, नळ सोड. बारीक धार.”

“झालं काय?” मामी स्वयंपाकघरातून आली.

“डोळ्यात पावडर गेलीय. मामाच्या रुमालावरची.”

मामी काही न विचारता बेसिनपाशी गेली. तिघींनी मिळून छकुलीला आडवं धरलं. एक डोळा वर, एक खाली, आधी एक, मग दुसरा. पापण्या बोटांनी उघडून धरायच्या आणि धार नाकाकडून कानाकडे जाऊ द्यायची. पोर लाथा झाडत होती, तिघींचे कपडे निथळत होते. मामा दाराशी उभा राहून सल्ले देत होता. “पुरे आता, गारठेल ती. कापसाने दूध लावा थंड. नाहीतर मी टॉवेलने हळूच टिपतो.”

“मामा, तू हात लावू नकोस,” ती म्हणाली. ओरडली नाही, पण मामा दारातून मागे सरकला.

चांगला पाव तास पाणी चालू ठेवलं. मग ओल्या अंगानेच ताई आणि ती छकुलीला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं. वरचा थर ओरखडल्यासारखा भाजला होता, दोन्हीकडे. भरून येईल म्हणाल्या. लगेच धुतलं हे बरं केलंत, घरगुती काही घातलं नाहीत हेही बरं. मग विचारलं, “पण एवढ्या लहान मुलीच्या डोळ्यात हे आलं कुठून?”

ताईने खाली मान घातली. “घरातूनच,” ती म्हणाली.

परत आल्या तेव्हा जेवण तसंच झाकून ठेवलेलं. मामी जेवणाच्या टेबलाशी उभी होती. समोर जुन्या वर्तमानपत्रावर तो रुमाल पडलेला, आणि मामीच्या हातात चिमटा. मामा खुर्चीत बसला होता, शाळेत ओरडा बसलेल्या पोरासारखा.

“काय म्हणाल्या डॉक्टर?” मामीने आधी ते विचारून घेतलं. मग चिमट्याने रुमाल उचलून नवऱ्याच्या नाकासमोर धरला. तो उलगडलाही नाही, घडीसकट ताठच राहिला. “बघा हो. नीट बघा. हा मी रोज भिजवते, रोज चोळते, आणि संध्याकाळी पुन्हा असाच येतो. दर शनिवारी तुमचा कोटसुद्धा. त्याच बादलीत माझ्या साड्या, त्याच बादलीत नातीची दुपटी धुतली मी.”

“अगं, मला काय—”

“हात बघा माझे.” मामीने तळवे पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत सोललेली लाल कातडी होती, मामाच्या पेरांसारखीच. “किती साबण बदलले मी. तुम्हीच आणून द्यायचात, हा घे, हा मऊ आहे. आणि घाण तुम्हीच आणत होतात.”

मामा हातांकडे बघत राहिला. बोलला मात्र इतकंच, “मला वाटलं, धुतल्यावर जातं.”

“जातं ना. माझ्या अंगावर जातं.”

मामीने रुमाल, कोट आणि कामाची पिशवी एका प्लॅस्टिकमध्ये बांधून अंगणात ठेवली. आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचं नाही, असं सांगून त्याला मोरीकडे पाठवलं. त्या दुपारी कुणालाच जेवण गेलं नाही.

सोमवारी मामा प्रयोगशाळेत आला तो नवा कोट घालून. घड्या पडलेल्या होत्या, कारखान्याच्या भांडारातून तसाच काढलेला. पिंप त्याने स्वतः फिरवलं, कॅलेंडर फाटलं तरी. मग दोघा केमिस्टांना बोलावून सांगितलं, की खल बंद, खडे पिशवीत फोडायचे, वजन धूर ओढणाऱ्या कपाटात करायचं, कोट इथेच धुलाईला द्यायचे, चहा बाहेरच्या खोलीत. एकजण हसत म्हणाला, “सर, तुम्हीपण सोवळे?” मामाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो वहीत डोकं घालून बसला.

धुळीचा मास्क त्याला नीट लावता येईना. पट्टे कानांवर घसरत होते. त्याने तिला हाक मारली आणि तिने मागे उभं राहून पट्टे ताणून दिले. त्याच्या मानेच्या घडीत मळाची काळी रेघ होती. ती नजर चुकवून दूर झाली.

छकुलीचे डोळे आठवड्याभरात निवळले. पण मामा दिसला की ती आईच्या पदराखाली तोंड लपवायची. त्याने हात पुढे केला की “नको, छी छी” म्हणायची. मामा हात मागे घ्यायचा आणि तो कुठे ठेवावा हे त्याला कळायचं नाही. मामीच्या बोटांवर हळूहळू नवी कातडी धरू लागली.

वर्षअखेरीस बाहेरचे लोक प्रयोगशाळा तपासायला आले आणि एकही चूक न काढता गेले. मामाने सगळ्यांसमोर सांगितलं की हे भाचीमुळे झालं. मग जवळ येऊन, स्वच्छ धुतलेला, नखं कापलेला हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला. तिने मान लववली, हसलीसुद्धा. तो हात मघाशी तिच्यासमोरच साबणाने धुतलेला तिने पाहिला होता.

तरी घरी गेल्यावर पर्स खुंटीला अडकवायच्या आधी ती न्हाणीघरात शिरली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आई विचारत होती, अवेळी कसले केस धुतेस, सर्दी होईल. तिने शाम्पू पुन्हा एकदा हातावर घेतला.