कोरा वाफा

बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून आबांच्या खाचरात रोप लावलं की पंधरवड्यात शेंडे करपायचे. त्यांची सून माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. त्याच मिठात बांधावरचं रानगवत मात्र हिरवंगार उभं होतं, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. त्याच्या मुळांवरचे जिवाणू तिनं प्रयोगशाळेत वाढवले आणि सासऱ्यांकडे दोन वाफे मागितले.

"तुझे किडे माझ्या भातावर सोडणार?" आबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"किडे नाहीत हो. मुळांशी राहतात, रोपाला मीठ सोसायला मदत करतात."

दोन्ही वाफ्यांत जिप्सम आणि शेणखत सारखंच घातलं, गोडं पाणी साठवून मीठ धुऊन काढलं. मग डावीकडच्या रोपांची मुळं बादलीतल्या जिवाणूंच्या पाण्यात बुडवून लावली, उजवीकडची तशीच. उजवा वाफा तुलनेसाठी कोरा ठेवायचा, हे तिनं आबांना तीनदा बजावलं.

दोन महिन्यांनी दोन्ही वाफे सारखेच डोलत होते. तिचे साहेब येऊन बघून गेले. "सगळं जिप्समनंच केलेलं दिसतंय. जिवाणूंचा विषय आता बंद करू."

दुपारी ती ताटावर नुसती बसून राहिली. आबांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"बादलीत उरलं होतं ना ते पाणी," ते शेवटी म्हणाले, "ते मी उजवीकडे घातलं. मुळाशी, तांब्या तांब्यानं."

"का?"

"एकाला वाढायचं आणि शेजारच्याला उपाशी ठेवायचं? मला नाही बघवलं."

"आबा, माझ्या अख्ख्या हंगामाची माती केलीत तुम्ही!" ती ताटावरून उठली.

 संध्याकाळी आबाच तिच्या खोलीच्या दाराशी येऊन खाकरले. "सगळीकडे नाही पुरलं गं. टोकाच्या चार ओळी राहिल्या."

ती चप्पल न घालताच निघाली. बांधाआड लपलेल्या त्या चार ओळी जेमतेम गुडघ्याएवढ्या होत्या, शेंडे तपकिरी, लोंब्या पोकळ. तिनं तिथली आणि शेजारची माती तपासली. मीठ दोन्हीकडे सारखंच निघालं.

चार ओळी म्हणजे काही पुरावा नाही, असं साहेब म्हणाले. पण आणखी एक हंगाम दिला. या खेपेला बादली तिनं स्वतः घरी नेली. आबा कोऱ्या वाफ्याकडे पाठ करून बांधावर बसायचे. कापणीला डावीकडचं धान्य उजवीकडच्या दीडपट भरलं.

अहवाल छापून आला तेव्हा आबांनी चष्मा पुसला. "माझा उल्लेख आहे का कुठे?"

"आहे की. 'पहिल्या हंगामातील चूक' या मथळ्याखाली."

आबांनी तेवढं पान शेजाऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.