ओराख

मावशीचा शिंगाचा कंगवा सरांनी नेला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. सर म्हणजे भाषांचे प्राध्यापक. आमच्या स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर मांडून ते अकरा वर्षं बसले, कारण मावशीची भाषा बोलणारं तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. मला अर्धीमुर्धी यायची, पण मी त्यांच्या खिजगणतीत नव्हते.

त्या दिवशी कंगवा हातात धरून ते म्हणाले, "‘माझा कंगवा’ कसं म्हणायचं?"

"कोण म्हणतंय? मी की तुम्ही?"

"मी. समजा, मी तो घेऊन चाललोय."

"समजा कशाला," मावशी म्हणाली. "सीलूख."

शेवटचा ख तिने श्वास आत ओढून म्हटला, कढत चहाचा भुरका मारावा तसा. सरांनी तो चारदा म्हणवून घेतला, वहीत उतरवला आणि कंगवा रुमालात गुंडाळून नेला. परत आणतो म्हणाले. मग डाव नेला, मग तिची दोन फुलांची वाटी. सगळं आज त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे.

मावशीच्या भाषेत ‘माझं’ तीन तऱ्हेचं. स्वतःचं असेल तर शेवटी ला. कोणी आपणहून दिलेलं असेल तर ने. आणि न विचारता उचललेलं असेल तर ख. लहानपणी चोरून खाल्लेल्या साखरेला मी ला लावला, तर मावशीने पाठीत धपाटा घातला. साखरेबद्दल नाही, व्याकरणाबद्दल.

सरांच्या हातात दरवेळी आमचीच वस्तू, म्हणून त्यांना दरवेळी ‘ख’च ऐकू आला. मावशी एकदाही खोटं बोलली नाही. ‘माझा चष्मा’ कसं म्हणायचं, हे त्यांनी कधी विचारलंच नाही.

गेल्या वर्षी मावशी गेली. यंदा सरांचं पुस्तक बांधणीला आलं, ते मी कामाला असते त्याच बाइंडरीत. घड्या घालताना मी वाचत गेले. ‘ख हाच माझे या अर्थाचा खरा प्रत्यय. ला आणि ने ही बायकी, अशुद्ध रूपे.’ आभारात बायको होती, टंकलेखक होता, कुत्रासुद्धा होता. मावशी होती ती अशी : ‘एक अशिक्षित वृद्धा.’ पुस्तकात पहिलं नाव तुमचं, असा शब्द त्यांनी तिला आमच्या ओट्यापाशी दिला होता. मरेपर्यंत ती त्याची वाट बघत होती.

कव्हरवर सोनेरी अक्षरांत पुस्तकाचं नाव छापायचं होतं : ओराख. ओरा म्हणजे भाषा. ओराख म्हणजे ‘माझी भाषा’, असं त्यांना वाटत होतं.

त्या नावाचा ठसा बघायला सर स्वतः आले. मी म्हटलं, "सर, आभाराचं पान अजून बदलता येईल. मावशीचं नाव बसेल. एकच ओळ."

"शास्त्रात नावं नसतात गं."

"तुमचं आहे की. कव्हरवर आहे, कण्यावरही आहे."

मालक उगाच खोकले. सर हसले. "पुढच्या आवृत्तीत बघू. ते राहू दे, हे बघ. ओराख बरोबर आहे ना? घरात कानावर पडलं असेल तुझ्या."

त्यांनी ती ओळ दिली असती, तर मी तिथेच चूक सांगितली असती. मावशीची शपथ.

"म्हणून दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी भुरका मारला. "ओराख."

"तुमच्या तोंडी हेच रूप बरोबर आहे, सर."

ते खूश झाले. समारंभातलं भाषणही त्यांनी म्हणून दाखवलं : माझी भाषा, माझा ग्रंथ, माझी कीर्ती. सगळीकडे ख.

"कुठे चुकतंय का?"

"एकही चूक नाही."

पुस्तकाचं शेवटचं वाक्य असं आहे : ‘ही भाषा जाणणारे आता कोणीही हयात नाही.’ छान. मेलेल्या माणसाला कोणी चुका विचारत नाही.

ठसा पुरेसा तापलाय का हे बघायला आमच्याकडे त्यावर थुंकतात. चर्र झालं की कामाला लागायचं. पहिल्याच थुंकीला चर्र झालं. तरी पाचशे प्रती होईपर्यंत मी दर कव्हराआधी थुंकत होते.