तिसऱ्या मजल्यावरची कॅराव्हॅन

दीनानाथ पाळंदे निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात ट्रकच्या केबिनचे आराखडे काढले होते. आता स्वतःसाठी कॅराव्हॅन करायची आणि बायकोला घेऊन गावोगाव हिंडायचं, असं त्यांनी ठरवलं. मंदाकिनीबाईंनी इतका चटकन होकार दिला की दीनानाथांना जरा संशयच आला.

बस हिंजवडीजवळ बजरंगच्या शेडमध्ये गेली. बजरंगच्या घरची शेती आयटी पार्कात गेली होती आणि तो आता ऑफिसांचं फर्निचर बनवत असे. त्याने बसमधली बाकं उपटली, माप घेतलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"काका, बेड फिक्स हाय का फोल्डिंगचा? त्येवढं ठरलं की बाकीचं आपोआप बसतंय."

"फोल्डिंगचा," दीनानाथ म्हणाले.

"फिक्स," मंदाकिनीबाई त्याच वेळी म्हणाल्या.

बजरंगने पेन्सिल परत कानावर ठेवली.

दीनानाथांचं म्हणणं सरळ होतं. अकरा फूट बाय सहा फुटांत पलंग कायमचा पसरून ठेवला, तर आठ तासांच्या झोपेपायी सोळा तास निम्मी गाडी वाया. मंदाकिनीबाईंचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "चौतीस वर्षं मी पांघरुणांच्या घड्या घातल्या. आता पलंगाचीही घडी घालू? मग सहलीला कोण चाललंय, तुम्ही एकटे?"

तीन आठवडे हेच चाललं. शेवटी मुलगी ऋतुजा फोनवर म्हणाली, "बाबा, आधी पायलट करा. एक आठवडा फिक्स, एक आठवडा फोल्डिंग. डेटा बघा आणि ठरवा." ती ऑफिसच्या कॅन्टीनमधून बोलत होती आणि बहुधा थट्टा करत होती. पण चाचणीच्या बाबतीत दीनानाथांना थट्टा कळत नसे.

त्याच संध्याकाळी त्यांनी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या फरशीवर खडूने अकरा बाय सहाची चौकट आखली. दाराची जागा सोडली. नियम केले. पंधरा दिवस चौकटीतच राहायचं. स्वयंपाकघर म्हणजे ढाबा, बाथरूम म्हणजे पेट्रोल पंप. तिकडे जायचं तर दारातून, चपला घालून. बाकी कुठेही रेषा ओलांडायची नाही.

पहिल्या आठवड्यात बेडरूममधला पलंग ओढून चौकटीत आणला. उरली दोन फुटांची बोळ. मग जेवण पलंगावर, पेपर पलंगावर, भांडणही पलंगावर. मंदाकिनीबाई खूश होत्या. त्यांनी मुक्कामांचं वेळापत्रकही केलं. तळमजल्यावरच्या द्वारकाबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हा मंदाकिनीबाई फोनवर म्हणाल्या, "नाही हो जमणार. आम्ही सध्या बदामीला आहोत. शुक्रवारी येतो."

"मग येताना खण आणा दोन," द्वारकाबाई म्हणाल्या.

घरकामाला येणाऱ्या बायडाबाईंनी हे ऐकलं आणि झाडू कोपऱ्यात ठेवला. "मालक गावाला गेले की मला सुट्टी आसती."

"अहो बाई, पण आम्ही समोर बसलोय!"

"तुमीच म्हनलात ना, बदामीला हाय?" असं म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या आठवड्यात बजरंगने नमुन्याचा फोल्डिंग पलंग आणून भिंतीला बसवला. दिवसा उभा केला की तो लाकडी कपाटासारखा दिसे, आणि आत भिंतीपर्यंत दीड फुटाची पोकळी राहत असे. त्याच दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'काही सभासदांनी तिसऱ्या मजल्यावर चारचाकी उभी केल्याचे कळते. चारचाकीची जागा खाली आहे, हे बहुधा त्यांना कुणी सांगितले नसावे. कमिटी रविवारी चार वाजता पाहणी करील.'

रविवारी बेल वाजली तेव्हा मंदाकिनीबाई नुकत्याच वामकुक्षीतून उठल्या होत्या. अंगात गाऊन, केसांना तेल.

"अहो, मी अशी समोर येणार नाही."

"मग बेडरूममध्ये जा."

"कशी जाऊ? रेषा ओलांडायची नाही, असं तुम्हीच ठरवलंय. मी भिंतीला टेकून उभी राहते. पलंग वर करा."

दीनानाथांनी पलंग वर केला, खिटी लावली आणि दार उघडलं.

सेक्रेटरी विश्वजीत पानसे दोन सभासदांना घेऊन आले होते. "डोकं सांभाळा, छत खाली आहे," दीनानाथ म्हणाले, आणि तिघेही खडूच्या दारातून वाकून आत आले. मोकळ्या झालेल्या जागेत स्टुलं मांडून बसले. दीनानाथ चपला घालून ढाब्यावर गेले आणि चहा करून घेऊन आले.

"वहिनी दिसत नाहीत," पानसे म्हणाले.

"आहेत. गाडीतच आहेत."

तिघांनी चारही रेषांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मान डोलावली. मग स्लॅब, इंजिनाचं वजन आणि जिन्यातला धूर यांवर सव्वा तास चर्चा झाली. दीनानाथांनी इंजिन नसल्याचं तीनदा सांगितलं. "मग चढवली कशी?" असं पानशांनी तीनदा विचारलं.

ते गेल्यावर दीनानाथांनी घाईने पलंग खाली घेतला. मंदाकिनीबाई भिंतीला टेकून उभ्या उभ्या गाढ झोपल्या होत्या.

"उघडलंत कशाला?" त्या डोळे चोळत म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरात कुणी आलं आणि मी चहा केला नाही. ऐका, पलंग फोल्डिंगचाच करायचा."

दीनानाथ स्टुलावर बसले. त्यांचं डोकं दुखत होतं. "छे! फिक्स. पलंग पसरलेला असता तर पानसे दारातूनच परत गेले असते."

मग वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, फक्त उलट्या बाजूंनी.

सोमवारी पानसे एकटेच आले. "वहिनी काल त्या पलंगामागे होत्या ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"होत्या."

पानशांनी मागे जिन्याकडे पाहिलं. "मला अर्धा तास मिळेल?"

त्यांना अर्धा तास मिळाला. पलंगामागून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा झोपून उठलेल्या लहान मुलासारखा झाला होता. मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरची श्रद्धा आली. हिंजवडीहून कंपनीच्या बसने दोन तास रखडत आली होती आणि घरी सासू-सासरे वाट बघत होते. बुधवारी द्वारकाबाई. बजरंग नमुना परत न्यायला आला, तेव्हा दाराबाहेर चपलांचे चार जोड होते. त्याला खाली उतरेपर्यंत नऊ पलंगांची कामं मिळाली.

"काका, तुमची बस आता मे महिन्यातच," तो म्हणाला. "घरातली गिऱ्हाइकं जास्त घाईत हायेत."

मे महिन्यापर्यंत थांबायला दोघंही तयार नव्हते. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दीनानाथांनी बस होती तशी, रिकामी, शेडमधून बाहेर काढली. दोन गाद्या आणि स्टोव्ह घेतला आणि खडकवासल्याच्या पुढे खानापूरजवळ, झाडाखाली मुक्काम केला. गाडी उतारावर लागली होती. झोपेत दोघं घसरत घसरत मागच्या दाराशी येऊन थडकले, आणि तिथेच एकाच गादीवर उजाडलं.

दीनानाथांनी दार ढकललं. बाहेर चार बायका आणि एक फेटेवाले आजोबा रांगेत उभे होते.

"घाटापल्याड येल्ह्याला जाती का?" आजोबांनी विचारलं.

दीनानाथ समजावून सांगणार होते, की ही एसटी नाही, कॅराव्हॅन आहे, आणि कॅराव्हॅन म्हणजे काय. त्यांनी तोंड उघडलंही.

"जाते, जाते," आतून मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि गादी बाजूला सरकवू लागल्या. "या, चढा सगळे. अहो, तुम्ही जरा तोंड धुऊन घ्या आणि पुढे बसा."

पाबे घाटाच्या चढावर आजोबा मागून ओरडले, "बाकडी न्हाईत व्हय यात?"

"अजून ठरायचंय!" दीनानाथ पुढून ओरडले आणि त्यांनी गिअर बदलला.