वाढायला आलेली माणसं

अहिल्यानगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीतून आम्ही आठ जण संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात डोळे तपासणीचं शिबिर घ्यायला गेलो होतो. पाळक शलमोन भिंगारदिवे आमचे प्रमुख. सोबत दोन डोळ्यांचे डॉक्टर, आणि बाकीचे माझ्यासारखे, नावं लिहिणारे, औषधाचे थेंब घालणारे. माझी ही पहिलीच सेवाफेरी. प्रभू, माझ्या हातून काहीतरी मोठं होऊ दे, अशी प्रार्थना मी निघण्याआधी रोज करत होते.

सकाळी शाळेत टेबलं मांडली, अक्षरांचा तक्ता टांगला आणि वाट बघत बसलो. कुणीच येईना. शेवटी एक आजोबा दारातून डोकावले आणि म्हणाले, "आज कोन येते? भगवानरावच्या पोरीचं लगन हाय." शिबिराची तारीख फोनवर ठरली होती, त्याच दिवशी गावात लग्न आहे हे आम्हाला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

दुपारी खुद्द भगवानरावच आले. डोक्यावर फेटा, अंगावर नवा सदरा, आणि तो घामानं पार भिजलेला. शाळेतला पाण्याचा ड्रम त्यांना हवा होता. आम्हाला बघून ते थबकले.

"तुमी लोक इथं काय करून राह्यले?"

"शिबिर होतं," पाळक म्हणाले. "पण कुणी आलं नाही."

"म्हंजे रिकामेच हा?"

"आम्ही सेवेला आलोय. जे काम पडेल ते…"

"मंग चाला ना! पाव्हणे पंगतीत बसले अन् वाढणारे पोट्टे डीजेपुढं नाचून राह्यले. एक बी ऐकत नाही!"

पाळकांनी आमच्याकडे पाहिलं, हसले आणि बाह्या वर सारल्या.

मांडवाचा कारभार भगवानरावांची बहीण पुष्पाबाई यांच्या हातात होता. आम्ही कोण, कुठले, त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पाळकांच्या हातात बुंदीची परात दिली, डॉक्टरांना बट्ट्यांची टोपली आणि मला वरणाची बादली. मी पहिल्याच पाव्हण्याच्या अख्ख्या बट्टीवर वरण ओतलं.

"अवं पोरी, त्याले चुरू तं दे!" पुष्पाबाई लांबूनच ओरडल्या. सगळी पंगत हसली, मीही हसले. मग जमायला लागलं. "वरण, वरण" म्हणत वाकून वाकून पाठ मोडली, ओढणी पिवळी झाली, आणि लोक मला नावानं नाही, "ओ वरणवाल्या ताई" म्हणून हाका मारू लागले.

दुसऱ्या पंगतीत सरस्वतीबाई नावाच्या आजी बसल्या होत्या. ताटातली बुंदी त्या बोटांनी चाचपत होत्या.

"आजी, दिसत नाही का?"

"धुकं धुकं दिसते मायबाई. लय दिवस झाले."

"उद्या शाळेत या. आमच्यासोबत डॉक्टर आहेत."

"तू येशीन का मले घ्यायले?"

खरं तर आम्ही त्याच संध्याकाळी निघणार होतो. पण मी हो म्हणून टाकलं आणि मग पाळकांना विचारलं. ते म्हणाले, "आता काय, राहावंच लागेल."

शेवटच्या पंगतीत आम्हाला बसवलं आणि वाढायला भगवानराव स्वतः उभे राहिले. पाळकांनी सवयीप्रमाणे डोळे मिटून जेवणाआधीची उपकारस्तुती सुरू केली. आमच्या बाजूला बसलेल्या बायकांचे हात ताटावरच थांबले. आमेन झालं.

"झालं का?" पुष्पाबाईंनी विचारलं. "मंग चुरा बट्ट्या."

निघताना नवरी, जयमाला, रडत रडत सगळ्यांच्या पाया पडली, तशी पाळकांच्याही पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लवकर काढलाच नाही. त्यांची स्वतःची मुलगी मागच्याच वर्षी सासरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मी सरस्वतीबाईंना हात धरून आणलं. रांगेतल्या एकानं पाळकांना सरळ विचारलं, "बुंदीवाले सर, तुमी धर्माचं सांगाले आले का?"

"विचारलंत तर सांगेन," पाळक म्हणाले. "नाहीतर डोळे तपासू."

"आधी डोळेच पाहा मंग," तो म्हणाला आणि तक्त्यासमोर जाऊन बसला.

सरस्वतीबाईंना मोतीबिंदू निघाला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांच्या आग्रहावरून मी पुन्हा गेले. पट्टी सुटल्यावर त्यांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तू तं लयच वाळकी हायेस वं! वरण वाढलं, पन खाल्लं नाही वाटते."

परतल्यावर रविवारी मंडळीत सेवाफेरीच्या अनुभवाची साक्ष द्यायला उभी राहिले, तेव्हा किती चष्मे वाटले ते सांगायचंच राहिलं. मी वरणाबद्दलच बोलत बसले. लोक पोट धरून हसले आणि एक काकू मात्र डोळे पुसत होत्या. मोठं काही माझ्या हातून झालं नाही. झालं ते त्या गावातल्या लोकांनी माझ्याकडून करून घेतलं.

हिवाळ्यात सुट्टी होती, तशी मी एकटीच त्या गावाला गेले. पुष्पाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"आता काय तपासाले आली वं?"

"काही नाही. तुम्हाला भेटायला."

त्यांनी बसायला पोतं सरकवलं, शेंगांचा ढीग माझ्यापुढे लोटला आणि म्हणाल्या, "बस मंग. चहा होतेच."