माझ्या शब्दाला नको तेवढं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. तोलूनमापून बोलणं हा माझा धंदा, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. पण माझ्या नावावर लोक काहीही खपवायला लागले, तर किती ऐकून घ्यायचं?

कारखान्यात माझ्यावर खरी वजनं ठेवून मला तपासलं आणि पाठीवर 'पास'चा शिक्का मारला. मग या दवाखान्यात, जिन्याच्या बावीस पायऱ्या चढून आल्यावर डाव्या हाताला, मला उभं केलं. रोज सकाळी नर्सताई माझी काच पुसतात आणि काटा शून्यावर आणतात. लोकांचे नखरे मी पुष्कळ पाहिले. कुणी श्वास रोखून धरतं, तर एक काका एक पाय हळूच जमिनीवर टेकवून ठेवतात. तरी डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, "आमचा काटा खोटं बोलत नाही." ते ऐकून मी फुशारून जायचो. तिथंच माझा घात झाला.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन येऊ लागल्या. ही मुलगी शाळेच्या रिले संघात शेवटचा टप्पा धावायची. अलीकडे मात्र आमचा जिना चढतानाही ती तीनदा बसायची. घरात तिचं नाव 'गोगलगाय' पडलं होतं. आईनं तिला माझ्यावर उभं केलं. बेचाळीस किलो भरले, उंचीच्या मानानं अगदी बरोबर.

"बघा," आई नर्सताईंना म्हणाली, "खाऊनपिऊन सुखी आहे कार्टी. अंगात आळस भरलाय, दुसरं काही नाही."

"आई, खरंच दम लागतो गं."

"मग काटा काय खोटं बोलतोय?"

अहो, मी असं कधी म्हणालो? मी फक्त वजन सांगतो. ते वजन बिस्किटांचं आहे की डाळीचं, हे मला कुठून कळणार? बाकावर बसलेल्या मायलेकींच्या बोलण्यातून एवढं कळलं होतं की त्या घरात सकाळी चहाबिस्किटं, दुपारी पाव, संध्याकाळी पुन्हा चहाबिस्किटं. आई दिवसभर मशीनवर बसलेली, तिला तरी सवड कुठली? 'पोट भरलं ना, झालं तर मग,' एवढं एकच वाक्य ती मुलीच्या खाण्याबद्दल बोलायची. पोट भरतं, पण अंग पोसत नाही, हे मला ओरडून सांगावंसं वाटायचं. मला तोंड नाही याचा एवढा संताप मला कधीच आला नव्हता.

पुढच्या खेपेला आई चिठ्ठी मागायला आली. मुलगी ठणठणीत आहे, तिला रोज पळवा, असं शाळेतल्या खेळाच्या सरांसाठी लिहून हवं होतं. पोरगी मान खाली घालून माझ्यावर उभी राहिली. पुन्हा बेचाळीस. नर्सताई आकडा लिहू लागल्या आणि त्यांचं लक्ष तिच्या ओठांकडे गेलं. ओठांवर पांढरी भुकटी होती.

"खडू खातेस?"

"खावासा वाटतो," ती पुटपुटली.

नर्सताईंनी लेखणी ठेवली आणि तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच, सगळं पांढरंफटक. डॉक्टरांनी रक्त तपासलं. लोह फार कमी होतं; खडू खावासा वाटणं ही त्याचीच एक खूण. लोह नसेल तर रक्त अंगभर पुरेसा प्राणवायू नेऊ शकत नाही, मग पायांत बळ येणार कुठून? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शिवाय पालेभाजी, कडधान्यं, अंडी खायला सांगितली. वर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, कारण लिंबानं लोह अंगी लागतं आणि चहानं वाया जातं.

"मी हिला आळशी म्हणत होते," आई म्हणाली आणि तिनं गोळ्या पिशवीत ठेवल्या. चिठ्ठीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

तीन महिन्यांनी, म्हणजे आज सकाळी, जिन्यात धडधड पावलं वाजली. मुलगी एका दमात वर आली आणि माझ्यावर चढली. बेचाळीसच! पोरगी पार बदलली होती आणि मी आपला तोच आकडा दाखवत होतो. ती हसत म्हणाली, "ताई, मी परत संघात आले."

"आई कुठंय?"

आई जिन्यात होती. चौदाव्या पायरीवर कठडा धरून बसली होती.

"अंडी, भाजी सगळं मला देते," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "स्वतः चहाबिस्किटांवरच असते."

नर्सताई भराभरा खाली गेल्या. आई धापा टाकत म्हणाली, "मला काय धाड भरलीय? हवं तर काट्याला विचारा. माझं वजन चांगलं भरतं."

पुन्हा मीच! मित्रांनो, हात जोडता आले असते तर जोडले असते. वजन किती ते मला खुशाल विचारा. पण घरातलं कुणी दम लागतो म्हणालं, तर त्याच्या ताटात काय पडतं ते बघा. आणि जी बाई काहीच म्हणत नाही, तिचं ताट आधी बघा.