पाव फेरा

अर्धापूरच्या केळीच्या बागेतल्या त्या विहिरीत चाळीस फूट पाणी होतं आणि तळाच्या गाळात पंपाची मोटार रुतली होती. नांदेडच्या पाणबुड्यांच्या पथकाचा प्रमुख दयानंद आज स्वतःच उतरणार होता, कारण चॅनेलवाला कॅमेरा घेऊन आला होता. एरवी साहेबांना पाण्याचं वावडं.

तनुजा त्याच्या पाठीमागं उभी होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वीरेश लोह्याकडच्या अशाच एका विहिरीत उतरला आणि मेलेलाच वर आला. त्याच्या पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरची कळ दयानंदनं उघडली होती, तीही जेमतेम पाव फेरा. अहवालात मात्र त्यानं लिहिलं, 'मयताचा हलगर्जीपणा. आपलं साहित्य तपासणं ही ज्याची त्याची जबाबदारी.' खाली सही ठोकून मोकळा झाला. वीरेशच्या जागी पथकात लागलेल्या तनुजाला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता.

पथकाची रीत अशी, की सिलिंडर पाठीवर चढला की मागच्या माणसानं कळ पूर्ण उघडायची आणि खांद्यावर दोन थापा मारायच्या. मग उतरणाऱ्यानं हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडं बघत चार श्वास घ्यायचे. काटा हलला, तर कळ नीट उघडलेली नाही. तेवढी हवा वर पुरते, खोलात पुरत नाही.

तनुजानं कळ पाव फेरा उघडली आणि दोन थापा मारल्या.

'बघ मेल्या, एकदा तरी बघ,' ती मनात म्हणाली. त्यानं नुसती नजर टाकली असती, तरी तिनं कळ पूर्ण उघडली असती. काटा प्रत्येक श्वासाला खाली येत होता. दयानंद कॅमेऱ्याकडं बघून हात हलवत होता.

तो तीस फुटांवर गेला आणि दोराला तीन हिसके बसले. म्हणजे हवा संपली. तनुजा थांबली. मनात तीन आकडे मोजले आणि मग ओरडली, "ओढा!"

चौघांनी त्याला वर खेचलं. काठावर पडून तो खोकत, ओकत राहिला.

"कळ कुणी उघडली? जीव गेला असता ना माझा!"

"म्या उघडली. पण काटा बघायची जबाबदारी ज्याची त्याची, न्हाई का साहेब?"

"काट्याचं काय सांगून राहिलीस? कळ उघडणाराच गुन्हेगार! केस करतो तुझ्यावर!"

कॅमेरा चालूच होता.

"करा. कबूल हाय मला, जेलात जाते," तनुजा म्हणाली. "फकस्त हेच आता वीरेशच्या अहवालात ल्याहा. त्याची कळ कुणी उघडली व्हती?"

दयानंद धडपडत उठला आणि कॅमेऱ्यावर धावला. पण त्याच्या कमरेचा दोर अजून तनुजाच्याच हातात होता.